सहाशे ग्रॅम जास्त

कस्टमच्या साहेबांनी वीस किलोचं वजन उघड्या हाताने थोपटलं. बाजारात कलिंगड थोपटतात तसं, दोनदा, कान जरा खाली नेऊन. त्यातून कसला आवाज यायला हवा होता देव जाणे. क्षणापूर्वी याच हाताने त्यांनी मान खाजवली होती. तिच्या हातात पांढरे सुती मोजे होते आणि गोदामाच्या त्या मळक्या उजेडात ते तिलाच एकदम हास्यास्पद वाटले, जादूचे प्रयोग करणाऱ्या माणसाचे असावेत तसे. आरशासारख्या पोलादावर चार बोटं आणि एक अंगठा उमटला. सवयीने ती मनात हिशेब करू लागली. बोटाच्या एका ठशातलं तेल आणि मीठ म्हणजे ग्रॅमचे काही लाखांश. वीस किलोच्या वजनाला त्याने काही होत नाही, एक ग्रॅमच्या वजनाला होतं. म्हणजे तक्रार करायला शास्त्राचा आधार नव्हता. नुसती शिसारी तेवढी येत होती, आणि शिसारीचं एकक अजून कुणी ठरवलेलं नाही.

"मोजे घातले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"कुणाला बरं?" साहेबांनी विचारलं आणि हात पँटला पुसला. आधी वजनाला हात, मग पुसणं. या बंदरावर सगळं याच क्रमाने होतं. आधी माल उतरवायचा, मग तो ठेवायला जागा शोधायची. आधी शिक्का मारायचा, मग कागद वाचायचा. खिडकी उघडायची ती आत कुणी नाही हे दाखवण्यासाठी. इथे रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर रुमाल टाकलेला असला की माणूस कामावर आहे असं समजत. सकाळी ती एका रुमालासमोर कितीतरी वेळ उभी होती आणि तिच्यामागे रांगेत आलेले लोक तिला विचारत होते, "साहेब आहेत ना?" तीही मान हलवून "आहेत" म्हणत होती. हे नंतर तिच्या लक्षात आलं तेव्हा स्वतःचा रागच आला. प्रत्येक जागेचं एक तापमान असतं आणि आत ठेवलेली वस्तू हळूहळू त्या तापमानाला येते. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

लाकडी खोका उघडा पडला होता. आत फोमच्या खाचांत, एका ग्रॅमपासून वीस किलोपर्यंत, मामाच्या लॅबची नवी प्रमाण वजनं. दुकानांचे, गिरण्यांचे, कारखान्यांचे काटे तपासून दाखले द्यायचे हा मामाचा धंदा, आणि ज्यांच्याशी ताडून काटे तपासायचे ती जुनी वजनं झिजली होती. लॅबला मान्यता देणाऱ्या संस्थेचा परीक्षक सोमवारी येणार होता. नवी वजनं कपाटात दिसली नाहीत तर मान्यता रद्द, आणि मान्यता गेली की मामाची सही म्हणजे नुसती रेघोटी. या सहीवर घर चालत होतं. तिचे वडील गेल्यावर आई चार दिवसांसाठी भावाकडे आली ती राहिलीच. तिचं पदार्थविज्ञानाचं शिक्षण त्याच सहीवर झालं. मामाने मागच्या महिन्यात दारावरची पाटी रंगवणाऱ्याला बोलावून आपल्या नावाखाली थोडी जागा सोडायला सांगितली होती, तिच्या नावासाठी. ती जागा अजून रिकामी होती. आज शुक्रवार होता. शनिवारी बंदर उघडं असतं, पण रुमाल सुट्टीवर असतात.

"ताई, जरा सबुरीनं," उद्याभाऊ तिच्या कानाशी पुटपुटला. हा त्यांचा क्लिअरिंग एजंट, कस्टममधून माल सोडवून देणारा. खरं नाव तिला माहीत होतं, पण मामाने ठेवलेलं हे नाव इतकं चपखल होतं की ते त्याला तोंडावर हाक मारतानाही एकदा निसटलं होतं, आणि त्याने ओ दिली होती. बगलेत फुगलेली कागदांची पिशवी, ओठांवर कायमचं अर्धं हसू, आणि कुठल्याही प्रश्नाला "उद्या होऊन जाईल". तो साहेबांसमोर किंचित वाकून उभा राही. ती त्याच्या पाठीचा कोन पाहत असे. कारकुनासमोर कमी, हेडक्लार्कसमोर जास्त, साहेबांसमोर आणखी जास्त. अशा पाठीवर पदांची उतरंड मोजता आली असती, साधनाची अचूकता चांगली होती. ती स्वतः ताठ उभी होती. तिला वाटत होतं की ताठपणामुळे काम होतं, निदान व्हायला हवं. वाकणाऱ्यांनीच हे गोदाम असं करून ठेवलं आहे.

अडलं होतं ते असं. कागदावर खोक्याचं वजन साठ किलो होतं. गोदामातल्या काट्यावर ते साठ किलो सहाशे ग्रॅम भरलं. हमालाने खोका उतरवून पुन्हा चढवला, तरी सहाशे. साहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा जीव आला. सहाशे ग्रॅम म्हणजे काहीही असू शकतं, ते म्हणाले, आणि "काहीही" हा शब्द त्यांनी असा उच्चारला की गोदामातल्या आणखी दोघांनी माना वळवल्या. मग फोम उचकटला. खोक्याच्या फळ्यांवर बोटाने टकटक झाली. वजनं एकेक करून बाहेर आली, उघड्या हातांनी, टेबलावर मांडली गेली, त्यातल्या पाचशे ग्रॅमखाली कुणीतरी उडणारा कागद दाबून ठेवला. त्या वजनाचा दाखला बनवायला जगातल्या एका शांत खोलीत कुणीतरी श्वास रोखून बसलं असेल. इथे त्याचा पेपरवेट झाला होता. खरं म्हणजे साहेबांकडे स्वतःचा पेपरवेट होता, गंजकं लोखंडी अर्ध्या किलोचं वजन, कुठल्या तरी जप्त मालातलं. दोन्ही शेजारी शेजारी कागद दाबत होती आणि पंख्याच्या वाऱ्याला दोघांतला फरक कळत नव्हता.

"फोममध्ये काही नाही," साहेब शेवटी म्हणाले. आवाजात दुःख होतं. "फळीत काही नाही. मग सहाशे ग्रॅम आलं कुठून?"

"काट्यातून," ती म्हणाली.

उद्याभाऊने पिशवी या बगलेतून त्या बगलेत घेतली. "ताई, काट्याचं राहू द्या."

ती त्याच्याकडे पाहून हसली. ज्याच्यापासून आपल्याला काही शिकायचं नाही अशी खात्री असते, त्याच्याकडे पाहून माणूस जसं हसतो तसं. असं हसायला तिला मामानेच शिकवलं होतं. ती लहान असताना तो तिला लॅबमधल्या मोठ्या काट्यावर बसवायचा, तिच्याशेजारी वजनं रचायचा आणि शेवटचं छोटंसं पितळी वजन ठेवताना म्हणायचा, "माणूस थापा मारतो गं, वजन नाही मारत." मग तिला उतरवून स्वतः चढायचा. "आणि हे बघ. सत्तर. पंचविशीपासून सत्तर म्हणजे सत्तर. इकडचं तिकडे नाही." हा त्याचा अभिमान होता. दुसऱ्या पुरुषांना जमिनीचा, केसांचा, पोरांचा असतो तसा. घरी कुणी जाड झालं, कुणी वाळलं असा विषय निघाला की तो ताट बाजूला सारून सांगायचा, मी सत्तर. अगदी परवा आई मशीनवर त्याची पँट घेऊन बसली होती. "दादा, कंबर आणखी आत घेऊ?" तिने विचारलं. "घे. पण आधी तुझी टेप बदल," तो म्हणाला, "ताणून ताणून सैल झालीय." आई हसली, तीही हसली. टेप सैल झाली तर आकडा कमी येतो हे बरोबरच होतं. घरात निदान असा एक माणूस आहे, तिला वाटलं होतं, जो आधी साधनावर संशय घेतो. बाहेर सगळे आधी माणसावर घेतात.

"साहेब, एक प्रयोग करू या," ती म्हणाली. तिने मोजे नीट ओढून घेतले, ते ठसे उमटलेलं वजन दोन्ही हातांनी उचललं आणि स्वतःच काट्याच्या पत्र्यावर ठेवलं. कमरेत कळ आली, पण ती तिने चेहऱ्यावर येऊ दिली नाही. "हे वीस किलो आहे. अंदाजे वीस नाही. हे वीस आहे म्हणूनच बाकीच्या गोष्टी वीस असतात. आता वाचा."

लाल आकडे थरथरले आणि थांबले. वीस पॉइंट दोन.

तिला आनंद झाला. वर्गात फळ्यावर गणित सुटलं की व्हायचा तो. किलोमागे दहा ग्रॅम. शंभरात एक. साठाला सहाशे ग्रॅम, वीसला दोनशे. चूकसुद्धा किती सरळ रेषेत होती, इथल्या माणसांपेक्षा शिस्तीची. या काट्यावरून गेलेल्या प्रत्येक मालाचं वजन शंभरात एक जास्त लिहिलं गेलं असणार, आणि प्रत्येक मालकाने आधी वाद घातला असणार, मग वाकला असणार, मग लिहून दिलं असणार की चूक आमचीच. पाठींची रांगच्या रांग. तिच्या मनात त्या सगळ्यांबद्दल एक थंड, स्वच्छ तुच्छता भरून आली, आणि खरं सांगायचं तर त्या तुच्छतेत एक सुख होतं.

साहेबांनी आकडा वाचला. चष्मा वर केला, पुन्हा वाचला. "म्हणजे हेही जास्त आहे," ते म्हणाले.

"नाही. काटा जास्त दाखवतोय."

"काटा बरोबर आहे, मॅडम. माल जास्त आहे. तुम्हाला कंपनीने दोनशे ग्रॅम फुकट दिलं, आणि तुम्ही रडताय. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते." हमाल हसला. उद्याभाऊही हसला, कारण हसायची जागा होती.

"मी लिहून देते," ती म्हणाली. आवाज चढला होता, तो तिने तसाच राहू दिला. "काटा चुकीचा आहे असं लेखी देते. वरच्या साहेबांना, त्यांच्या वरच्यांना. ज्याने हा काटा तपासून पास केला त्याचं नाव मला द्या. तो माणूस एकतर आंधळा आहे, नाहीतर घरी बसून सह्या करतो."

उद्याभाऊ जमिनीकडे पाहू लागला. त्याच्या पाठीचा तिच्या ओळखीचा कोन मोडून काहीतरी वेगळंच झालं होतं, जणू तो कुणासमोरच वाकला नव्हता. साहेब मात्र खुर्चीवरून उठले, दिवसात पहिल्यांदा. ते काट्याच्या मागे गेले आणि आकड्यांची पेटी तिच्या बाजूला फिरवली, हळूच, पाहुण्याला घरातला फोटो दाखवावा तशी. मागच्या झाकणावर एक गोल स्टिकर होता. मध्ये तारीख, कडेने लॅबचं नाव, आणि खाली उजवीकडे तिरकी चढत गेलेली सही, शेवटी मागे वळून स्वतःलाच अधोरेखित करणारी. ही सही तिच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर होती.

"मामासाहेब तुमचेच ना?" साहेब म्हणाले. "कागदावर लॅबचं नाव वाचलं सकाळीच. म्हटलं, बघू तरी मॅडम कुठवर जातात."

तिने पहिल्यांदा पाहिलं की त्यांचे डोळे चष्म्यामागे चांगले तल्लख होते. या माणसाने कागद आधी वाचला होता. म्हणजे सकाळपासून ती ज्याला मठ्ठ समजून तुच्छ लेखत होती तोही तिच्याकडे तसाच पाहत होता, शांतपणे, बसून, अधिक माहितीनिशी.

"फार देवमाणूस," साहेब पुढे म्हणाले, आणि यात टोमणा नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. "दर वर्षी येतात. आता एवढी वजनं उचलून आणायची म्हणजे टेम्पो लागतो, दोन माणसं लागतात, आणि त्यांची पाठ ही अशी. मग स्वतःच चढून उभे राहतात काट्यावर. मी सत्तर म्हणजे सत्तर, म्हणतात. दुसरं वजन कशाला? मागच्या खेपेला सत्तराला थोडा कमी दाखवत होता काटा. त्यांनी लगेच झाकण काढलं, स्क्रू फिरवला, सत्तर करून दिला. काम स्वच्छ."

"कमी म्हणजे किती?" तिने विचारलं. प्रश्न तिने ठरवून विचारला नव्हता. तो आपोआप आला, प्रयोगाच्या वहीत पुढचा रकाना असतो तसा.

"असेल. एकोणसत्तर आणि काहीतरी."

एकोणसत्तर पॉइंट तीन. तिला सांगायची गरज नव्हती. एकोणसत्तर पॉइंट तीनला सत्तर म्हणायचं तर काट्याला शंभरात एक जास्त बोलायला शिकवावं लागतं. मग साठ किलोचा खोका साठ किलो सहाशे ग्रॅम होतो आणि वीसचं वजन वीस पॉइंट दोन. काटा आधी बरोबर होता. बिचाऱ्याने खरं सांगितलं होतं, आणि मामाने झाकण उघडून त्याला गप्प केलं. तिने लाल आकड्यांकडे पाहिलं. ते दोनशे ग्रॅम कुठल्या निष्काळजीपणाचे नव्हते, ते मामाच्या अंगावरून उतरलेले होते. खांद्यावरून, गालांवरून, त्या कमरेवरून जी आई आत आत घेत होती. टेप सैल झाली तर आकडा कमी येतो. पण टेप सैल नव्हती. ती, पदार्थविज्ञानाची पदवीधर, त्याच टेबलाशी बसून हसली होती. गेल्या वर्षभरात या धक्क्यावरून जे जे गेलं, लोखंड, काच, कागद, कुणाकुणाची यंत्रं, ते सगळं मामाच्या झिजण्याएवढं जड ठरलं होतं आणि एका माणसाच्या अहंकाराचा भार बंदरभर वाटला गेला होता. तिला मामाचा राग आला. मग राग टिकेना, म्हणून तिने तो साहेबांवर नेऊन ठेवला. तिथेही टिकेना. उद्याभाऊवर ठेवावा तर तो मघाशीच काट्याचं राहू द्या म्हणाला होता, आणि ती त्याच्या पाठीचे अंश मोजत होती. इतका वेळ जी तुच्छता एखाद्या स्वच्छ उपकरणासारखी तिच्या हातात होती ती आता कुठे ठेवावी हे तिला समजेना. हातमोज्यांच्या आत तळवे घामाने ओले झाले होते.

"मग देताय ना लिहून?" साहेबांनी विचारलं. "काट्याचं?"

काटा चुकीचा आहे असं लिहिलं तर ती चौकशी थेट स्टिकरपर्यंत जाणार, स्टिकरवरून सहीपर्यंत, आणि सोमवारी परीक्षक येईल तो वजनं बघायला नाही, माणूस बघायला. खरं लिहिलं तर खरं मोजणारी लॅब बंद. हे इतकं नेटकं होतं की कॉलेजात कुणी प्रश्नपत्रिकेत दिलं असतं तर तिला आवडलं असतं.

"कोरा कागद आहे?" ती म्हणाली.

तो उद्याभाऊच्या पिशवीत होता. मजकूरसुद्धा होता, टाइप केलेला, फक्त आकडा भरायचा. आमच्याकडून वजन नजरचुकीने कमी लिहिले गेले, प्रत्यक्ष वजन काट्याप्रमाणे हेच बरोबर आहे, तरी दुरुस्ती करून माल सोडावा ही विनंती. त्याने तो असा पुढे केला, जणू हे असंच होणार हे त्याला सकाळीच माहीत होतं, आणि तरीही त्या हालचालीत विजय वगैरे काही नव्हता. टेबल बुटकं होतं. सही करायला तिला वाकावं लागलं. वाकताना तिला हेही दिसलं की आता तिच्या स्वतःच्या लेखी जबानीने हे वीसचं वजन वीस किलो दोनशे ग्रॅमचं झालं आहे. पुढच्या वर्षी हीच वजनं घेऊन कुणी हा काटा तपासायला आलं तर, निदान कागदोपत्री, तो अगदी काटेकोर बरोबर निघेल. इथे चूक दुरुस्त करायची पद्धतच ही होती. बाकीचं जग थोडं सरकवून घ्यायचं.

"बघा," साहेब म्हणाले आणि शिक्का मारला. "किती सोपं होतं. मामासाहेबांना सांगा, चहा बाकी आहे."

"उद्या मिळाला असता माल," बाहेर उद्याभाऊ म्हणाला, "पण आजच मिळाला." त्याच्या तोंडी हा शब्द पहिल्यांदाच येत असावा. खोका टेम्पोत चढवताना त्याने खालून हात दिला, आणि ती त्याला थँक यू म्हणाली. ते तिला जड गेलं. किती, ते मोजलं नाही.

लॅबमध्ये मामा वाटच पाहत होता. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता, खांद्याची शिवण दंडावर आली होती. सकाळीही ती तिथेच असणार. खोका उघडल्यावर त्याने आधी मोजे चढवले, मग मऊ चामड्याचा तुकडा घेतला आणि वीसच्या वजनावरचा अंगठा पुसायला लागला. "कुठल्या गाढवाचा हात लागला हा? काय लोक असतात एकेक. अक्कल नावाची गोष्ट नाही." तो फार सुंदर तुच्छतेने बोलायचा. ती ऐकत राहिली. हा सगळा सूर तिचा होता, म्हणजे त्याचा होता.

तिने नवं वजन लॅबच्या मोठ्या काट्यावर ठेवलं. वीस. पॉइंटपुढे नुसती शून्यं. ते उतरवलं.

"मामा, जरा चढतोस?"

"मी? कशाला? मी सत्तर आहे."

"चढ ना."

तो चपला काढून चढला, फोटो काढायला उभं राहावं तसा ताठ. आकडे थरथरले. सहासष्ट पॉइंट चार. पलीकडे आईचं शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं, किंवा दोरा संपला असेल.

"काटा चुकलाय," मामा म्हणाला. "तो स्क्रू ड्रायव्हर दे बघू इकडे."

स्क्रू ड्रायव्हर तिच्याच हाताशी होता. तिने तो उचलला, एप्रनच्या खिशात घातला आणि खिशावर हात ठेवला.

"काटा बरोबर आहे, मामा," ती म्हणाली. "माल कमी भरलाय."

मामा हसला. जोरात, मान मागे टाकून. मग हसू ओसरलं तरी तो काट्यावरून उतरला नाही, आकडा बदलेल म्हणून वाट पाहत तिथेच उभा राहिला.